साधुनंतरची ओळ

आमच्या आईला विहारात गप्प बसता येत नसे. त्रिशरण, पंचशील ती सगळ्यांबरोबर पालीत नीट म्हणायची, पण शेवटचं ‘साधु, साधु, साधु’ झालं की तिची स्वतःची एक ओळ सुरू व्हायची, खणखणीत मराठीत: वॉचमनचा खोकला बरा होवो, तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीला नोकरी लागो. मी शेजारी मान खाली घालून बसायचे. मीरा रोडच्या एका बिल्डिंगच्या तळमजल्यावरचं ते एवढंसं विहार, सगळ्यांना सगळं ऐकू जायचं.

एका रविवारी विहाराच्या सचिवांनी तिला बाजूला घेतलं. रिटायर्ड, शिस्तीचे गृहस्थ. वंदना ठरलेली आहे तशीच व्हावी, आपल्या धम्मात मागणं नसतं, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. मी मनातून खूश झाले. आई नुसतं ‘बरं’ म्हणाली. पुढच्या रविवारी गुडघे दुखतायत म्हणून ती घरीच राहिली, आणि त्याच्या पुढच्याही.

मग मात्र माझं धाबं दणाणलं. बाबा गेल्यापासून ती एवढ्या एकाच ठिकाणी आवडीनं जायची. आता ती स्वयंपाकघरातल्या बुद्धमूर्तीसमोर कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत बसायची, मग उठून भाजी टाकायची. मी चिडले, समजूत काढली, सचिवांच्या नावानं बोटं मोडली. शेवटी पौर्णिमेला तिला जवळजवळ ओढतच रिक्षात बसवलं.

वंदना झाली, ‘साधु’ झालं, आई गप्प. जिची इतकी वर्षं लाज वाटली ती ओळ ऐकायला मी कान टवकारून बसले होते.

सगळे चपला घालत होते तेव्हा सचिव तिच्यापाशी आले. त्यांची बायको आठवडाभर हॉस्पिटलात होती, हे अख्ख्या विहाराला माहीत होतं.

“ताई, आज तुमचं ते म्हटलं नाहीत,” ते म्हणाले.

“इथे नाही म्हटलं. घरी म्हणतेय रोज, तुमच्या मिसेस ॲडमिट झाल्यापासून. कुकर लावला की पहिलं त्यांचंच.”

एका पायात चप्पल घालून ते तसेच उभे राहिले. मग म्हणाले, पुढच्या रविवारी इथेच म्हणा.

शनिवारी मी ऑफिसातून आले तर आई पांढऱ्या साडीला इस्त्री करत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, “उद्या मान खाली घालून बसू नकोस. मला दिसतं.”