हललेले फोटो

लग्नाच्या फोटोत तुमचे चेहरे धूसर आणि मागची भिंत मात्र लख्ख आली आहे का? मग तो फोटो आमच्या डोंगरकडा गावच्या फोटोवाल्याचा.

आपोआप फोकस करणारा कॅमेरा गावात पहिल्यांदा त्यानेच आणला. कॅमेरा मधोमध असेल तेच नेमके टिपायचा, आणि हा पडला भिडस्त. वडीलधारी बघताहेत म्हणून नवरा-नवरीत हातभर अंतर ठेवायचा; मग मधोमध यायची ती मागची भिंतच. तक्रार केली की म्हणायचा, "मशीन बराबर हाय. तुमीच हलले."

आता गायरानावरची आमची वस्ती उठवण्याची नोटीस आली आहे. घरे जुनी असल्याचा पुरावा सोमवारी द्यायचा आहे. दारातल्या लग्नांच्या त्या फोटोंत आमची घरेच तेवढी स्पष्ट आहेत. पण दुकानात पाणी शिरून त्याच्या निगेटिव्ह वाया गेल्या. परवा तो माझ्या काकूच्या दारात मान खाली घालून उभा होता.

"वहिनी, तुमी हलल्या नव्हत्या. चूक माझीच व्हती. तेवढा फोटो द्या."

"आत्ता कबूल करून राहिले व्हय? तोंडच दिसंना म्हणून चुलीत घातला म्या!"

तो पुढच्या दारी गेला. आतापर्यंत तीनच फोटो मिळालेत. माझा जीव थाऱ्यावर नाही.

वस्तीतून सासरी गेलेल्या बहिणींनो, आजच ट्रंका उघडा. फोटोत तुम्ही ओळखू येत नसाल, तरी माहेरचे घर दिसत असेल, तर तो सोमवारच्या आत त्याच्या दुकानात पोचवा.