नाल्यावरचा कच्चा बर्फ

फौज सोडून दुबईला आलो, त्याला काही वर्षं झाली. रास अल खोरमधल्या एका कोल्ड स्टोअरवर मी सिक्युरिटी सुपरवायझर आहे. शुक्रवारी अबुधाबीहून रघू सावंत बसने येतो आणि आम्ही दुबईतल्या करामा भागात देसाईंकडे जेवतो. परवा देसाईवहिनी म्हणाल्या, "तुम्ही दोघं एकाच पलटणीत होता ना? त्या बर्फाचं एकदा सांगा की."

"तू सांग," रघू मला म्हणाला. "मी तर निम्मा वेळ गाडलेला होतो."

नव्वदच्या दशकाची सुरुवात. पोस्टिंग काश्मीरमध्ये. मी लान्स नाईक, रघू शिपाई. सेक्शन कमांडर हवालदार ज्ञानू मोरे. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. काम ठरलेलं. वाट मोकळी ठेवायची, रॉकेल आणि रेशन वरच्या पोस्टला पोचवायचं, परत यायचं. जेवण गरम मिळालं की दिवस चांगला गेला म्हणायचं.

त्या आठवड्यात बर्फ सतत पडला. वाराही जोरात होता. मग ऊन आलं. सकाळी रेडिओवर वरची पोस्ट बोलली, "पेशंट सीरियस. छातीत पाणी. खाली न्यावा लागेल. ओव्हर." खोऱ्यात धुकं होतं, हेलिकॉप्टर येणार नव्हतं. आम्ही निघालो.

वाटेत एक रुंद नाला आडवा होता. उस्तादांनी काठावर फावड्याने खड्डा घेतला. वरचा थर वाऱ्याने दाबून फळीसारखा झालेला. त्याखालचा जुना बर्फ जाड्या साखरेसारखा सुटा, मुठीतून गळणारा.

"बसला नाही अजून," उस्ताद म्हणाले.

"थांबायचं?" मी विचारलं.

"पेशंट थांबेल का? एकेकाने जायचं. पहिला मी. मी पलीकडे पोचेपर्यंत कोणी नाल्यात पाय टाकायचा नाही."

आम्ही कमरेला लांब लाल फिती बांधल्या. माणूस गाडला गेला तरी फीत बहुधा वर राहते.

उस्ताद मध्यावर असताना 'धप्प' असा दबका आवाज झाला. वर उतारावर एक रेघ उमटली आणि आमच्या काठापर्यंत धावत आली.

"मागे हटा!" उस्ताद ओरडले.

मी मागे पडलो. रघूच्या पायाखालचा काठच गेला.

सगळं थांबल्यावर खाली वीतभर लाल फीत दिसली. आम्ही तिथे खणलं. रघू निळा पडला होता. तोंडातला बर्फ काढला, पाठीत थापा मारल्या. तो खोकला आणि त्याने पहिली शिवी दिली. इतकी गोड शिवी मी पुन्हा ऐकली नाही.

उस्तादांची फीत कुठेच दिसेना. सळ्या खुपसत आम्ही सगळा ढीग शोधला. दुपारनंतर ते सापडले. उशीर झाला होता.

"आणि वरचा पेशंट?" वहिनींनी विचारलं.

"वाचला. नाल्यातला कच्चा बर्फ सगळा खाली आला होता. त्याच वाटेने आमची दुसरी टोळी वर गेली आणि त्याला स्ट्रेचरवर घेऊन आली."

वहिनींनी रघूला आणखी भात वाढला. त्याने नको म्हटलं नाही. त्याचं बरं चाललंय, माझंही.

हवालदार ज्ञानू मोरे. गाव कोयनेकाठचं. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. चहा सगळ्यांना मिळाल्यावरच स्वतःचा मग भरायचे. त्या सकाळी मागे आमचं अख्खं सेक्शन उभं होतं. त्यांची ऑर्डर होती, म्हणून नाल्यात ते एकटेच होते.