लांबचं भिंग आणि आक्काची चिंच

पाखरांचे फोटो काढायचे तर लांब पल्ल्याचं भिंग लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बेळगावात तेव्हा सांगणार तरी कोण? लग्नाचे, मुंजीचे, खुर्चीवर हात ठेवून उभ्या राहिलेल्या वकिलांचे फोटो काढणारे होते. पाखराचा फोटो म्हटलं की ते माझ्याकडं कीव आल्यासारखं बघायचे. मी शाळेत चित्रकला शिकवायचो, राहायला अनगोळात होतो, आणि घडीचा लाकडी कॅमेरा खांद्यावर मारून सुट्टीच्या दिवशी किल्ल्याच्या खंदकाकडं जायचो. तिथला खंड्या टिपायचो. घरी फोटोची काच धुऊन बघितली की खंदक दिसायचा, काठ दिसायचा, तटबंदीचा दगड न् दगड दिसायचा, आणि खंड्याच्या जागी एक ठिपका. बायको म्हणायची, "तुम्ही सांगितलंत म्हणून खंड्या. नाहीतर मी पुसून टाकला असता."

जर्मनीशी लढाई सुरू झाली आणि लष्करी कॅम्पातल्या बऱ्याच गोऱ्या साहेबांच्या बदल्या झाल्या. जाताना ते सामान विकून जायचे. ते कॅम्पातल्या एका पारशी दुकानदाराकडं यायचं. त्याच्या कपाटात मला दोन भिंगं दिसली. एक हातभर लांब, पितळी, तोफेच्या दिमाखाचं. दुसरं त्याच्या निम्म्यानं, काळं, बघायला अगदीच साधं. मी अर्थातच पितळी उचललं. दुकानाच्या दारातून समोरच्या मनोऱ्यावरचं कबूतर बघितलं तर त्याच्या डोळ्याभोवतीचं कडंसुद्धा दिसत होतं. दुकानदार म्हणाला, "मास्तर, हे जेवढं जवळ आणते ना, तेवढा अंधार पण आणते." मला वाटलं, गिऱ्हाईक बघून बोलतोय. चार दिवस वापरून बघतो म्हणालो आणि घेऊन गेलो.

त्या चार दिवसांत मला माझी अक्कल कळली. कंग्राळीच्या शिवारात टिटवी शोधली, तिपाई रोवली, काळ्या फडक्यात डोकं घातलं, तर कॅमेऱ्याच्या दुधी काचेवर एवढा काळोख की टिटवी कुठली आणि ढेकूळ कुठलं ते समजेना. काचेवर चित्र उलटं दिसतं, त्याची सवय होती. पण वारा आला की ते उलटं चित्रही हिंदकळायचं, कारण पितळी धूड पुढच्या बाजूला ओढ घ्यायचं. प्रकाश कमी म्हणून भिंगाचं झाकण जास्त वेळ उघडं ठेवावं, तर तेवढ्यात टिटवी मान वळवायची. धुतलेल्या काचांवर एकाही टिटवीला डोकं नव्हतं. निमूटपणे पितळी परत केलं आणि काळं घेतलं. ते कुठल्या पैशातून घेतलं हे बायकोनं विचारलं आणि मी विषय बदलला, एवढंच सांगतो.

काळ्या भिंगानं मला शहाणं केलं. तिपाईच्या मधोमध दगड टांगायचा, म्हणजे ती हलत नाही. ऊन तापलं की जमिनीवरची हवा थरथरते आणि पाखराच्या कडा विरघळतात, म्हणून काम सकाळीच उरकायचं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पाखराच्या मागं धावायचं नाही. ते जिथं परत येणार ती जागा हेरायची, भिंग तिथं नेमून ठेवायचं आणि बसायचं. माझ्यासारख्या तापट माणसाला बसणं जमलं, हे बायकोला अजून खरं वाटत नाही.

माझी थोरली बहीण निपाणीपासून कोसभर लांबच्या खेड्यात दिलेली. आम्ही तिला आक्का म्हणायचो. मेव्हणे ऐन वयात गेले, पदरी पोर नव्हतं. शेत धाकट्या दिराच्या हातात गेलं. आक्काला राहायला एक खोली, वर्षाचं धान्य आणि बांधावरची जुनी चिंच, असं पंचांनी तोंडी ठरवून दिलं. कागद नव्हता. अनगोळला ये म्हणून मी किती वेळा म्हटलं. ती म्हणायची, "तिकडं माझं काय हाय? हितं माझी चिंच हाय." त्या चिंचेच्या चिंचा ती स्वतः झोडायची, फोडायची, निपाणीच्या बाजारात बसून विकायची. सगळ्या जगात तिचं म्हणावं असं ते एक झाड होतं.

पाडव्याला गेलो तेव्हा ती म्हणाली, "तुझं एक पाखरू आमच्या चिंचंत भिंत बांधून बसलंय." मी तसाच उठून बघायला गेलो. धनेश होता. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवते. अंडी, पिल्लं सगळं आत. बाहेरून नर दिवसभर उंबरं आणून त्या फटीतून भरवतो. पाखरू कुठं येणार हे इतकं पक्कं ठाऊक असलेली जागा मला जन्मात मिळाली नसती.

उन्हाळ्याची सुट्टी लागली तसा मी कॅमेरा, भिंग आणि जपून ठेवलेल्या काचा घेऊन निपाणीची मोटार पकडली. लढाईमुळं पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशाच्या धुरावर चालायच्या. मागं भट्टी लावलेली, चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचं. एवढा कोळसा येतो कुठनं, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

चिंचेपासून बऱ्याच अंतरावर कडब्याची गंजी होती. तिच्या आडोशाला घोंगडं बांधून मी आत बसलो. सूर्य कासराभर वर आला की नर यायचा, फांदीवर बसून इकडं तिकडं बघायचा, मग फटीला लटकून घशातनं एकेक उंबर काढून आत द्यायचा. पहिले दोन दिवस मी नुसताच बघत बसलो. काचा मोजक्या होत्या आणि नर मान हलवायचा कधी थांबतो ते ओळखायचं होतं. आक्का भाकरी घेऊन यायची आणि माझ्या मागं घोंगड्यात बसायची.

"त्यो आलाच न्हाय तर?" तिनं एकदा विचारलं.

"आतली उपाशी मरते म्हणतात."

तिनं फटीकडं बघितलं. "मग मी बरी," म्हणाली. "मला निदान दार हाय."

मी पुन्हा काळ्या फडक्यात डोकं घातलं.

तिसऱ्या दिवशी फोटो मिळाला. उंबर चोचीच्या टोकाला होतं, आतून मादीची चोच पुढं आली होती, आणि नर अगदी स्थिर होता. मी झाकण उघडून परत लावलं, तोच मागं पावलं वाजली. कुऱ्हाडी घेतलेली माणसं होती, चिकोडीकडची, कानडी बोलणारी. दिरानं चिंच कोळशाला विकली होती. आक्काला विचारलंसुद्धा नव्हतं. तो स्वतः पलीकडच्या बांधावर उभा होता. आक्का चिंचेला पाठ लावून उभी राहिली. तोडणाऱ्यांतल्या एकानं माझं तिपाईवरचं काळं नळकांडं बघितलं आणि हे काय चाललंय म्हणून कानडीत विचारलं. मीही कानडीत ओरडूनच सांगितलं, "हक्की फोटो! हक्की!"

कानडीत हक्की म्हणजे पाखरू. हे निपाणीकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं, दिराला तर कळतंच कळतं. पण ज्याच्या डोक्यात रात्रंदिवस हक्क घोळतोय त्याच्या कानाला काय ऐकू येणार? त्यानं ऐकलं, हक्काचा फोटो. विधवेचा शिकलेला भाऊ बेळगावहून यंत्र घेऊन येतो, तिपाई रोवतो, चिंचेवर नळी रोखतो आणि हक्काचा फोटो घेतो. त्याचा चेहरा उतरला. हाताची खूण करून त्यानं माणसं माघारी बोलावली.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की मास्तरानं चिंचेचा हक्क काचेवर उतरवला, आता कोर्टात दावणार. एका म्हाताऱ्यानं मला चावडीजवळ थांबवून विचारलं, "मास्तर, हक्क फोटूत दिसतो कसा? उभा का आडवा?" माझा पिंड मास्तराचा, चूक दिसली की दुरुस्त केल्याशिवाय जेवण जात नाही. पण आक्कानं मला आधीच दम दिला होता. "गप बस. तुला कुणी इच्यारलंय?" मी म्हाताऱ्याला उलटा दिसतो म्हणून सांगितलं. ते काही खोटं नव्हतं.

आक्काच्या खोलीत फटी बुजवून मी काच धुतली आणि दुसऱ्या दिवशी उन्हात कागदावर छापली. फोटो हातात धरून मी येडा झालो होतो. चोचीवरची रेघ न् रेघ, उंबराचं देठ, आतल्या मादीच्या चोचीचं टोक. तेवढ्यात दीर अंगणात आला.

"पाव्हणं, दावा तुमचा फोटू."

लपवायला वेळच नव्हता. त्यानं फोटो उजेडात धरला, जवळ नेला, लांब नेला. "ह्यात झाड कुठं हाय?" म्हणाला. "बांध कुठं हाय?"

नव्हतंच. लांबच्या भिंगाचं कामच ते. जे हवं ते डोळ्यासमोर आणून ठेवतं आणि भोवतालचं सगळं कापून टाकतं. मला चोच हवी होती, चोच मिळाली. चिंच कुठल्या गावची, कुणाच्या बांधावरची, हे सांगणारं एक पानसुद्धा त्या फोटोत आलं नव्हतं. खंदकावर माझ्या जुन्या भिंगात दगड न् दगड यायचा, तसा इथं बांध आला असता तर पुरावा झाला असता.

"हे तर पाखरू," दीर म्हणाला.

"हक्की," मी म्हणालो.

त्याच्या ध्यानात आलं. आधी हसला, मग गाव आपल्याला हसणार हे कळून कान लाल झाले. फोटो माझ्या हातात कोंबून म्हणाला, "उद्या माणसं येत्यात. आन् तोडणाऱ्यांस्नी त्ये पाखरू बी पायजे. त्याचं तेल वातावर चालतंय म्हणं."

मी भांडायला उठलोच होतो. आक्कानं मला हातानं मागं सारलं. डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "भावजी, चिंच तुमची."

तो जायला वळला होता, तो थबकला.

"आतली नि तिची पिल्लं भाईर पडूस्तोवर कुऱ्हाड लावायची न्हाय. तिच्या तेलाचं नाव काढायचं न्हाय. मग चिंच तुमची. मी परत तोंडातनं शबुद काढणार न्हाय. पर बेल-भंडारा उचलायचा."

"पाखरासाठी?" त्यानं विचारलं.

"व्हय."

देवळात जाऊन त्यानं बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन शपथ घेतली. आमच्या भागात कोर्टाच्या कागदापेक्षा माणसं त्याला भितात.

घरी आल्यावर मी आक्कावर तोंड सोडलं. म्हणालो, अगं, तुझ्या तोंडचा घास काढून दिलास त्याला, उद्या बाजारात काय विकणार, पाखरांची पिसं? तिनं मला बोलू दिलं. मग चुलीकडं बघत म्हणाली, "मालक गेले तवा मी ह्याच खोलीत हुते. भाईर सोप्यात शेताच्या वाटणीचं बोलणं चाललं हुतं. मला सगळं ऐकू येत हुतं. उठून जायाची सोय नव्हती. तसं तिच्या कानावर कुऱ्हाड पडायला नको रं." मला लाज वाटली आणि फार वाईट वाटलं. मी तेव्हा तिथं होतो, बाहेर, त्याच सोप्यात, आणि आत तिला ऐकू जातंय हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

शाळा उघडली, मी बेळगावला आलो. मादी बाहेर पडतानाचा फोटो मला मिळाला नाही. आक्कानं मात्र बघितलं. भिंत फोडून ती बाहेर आली तेव्हा तिला उडता येईना, फांदीवर अंग चोरून बसली, नर शेजारी येऊन बसला, असं तिनं मला नंतर सांगितलं. पिल्लं मागाहून गेली. तोवर कोळसेवाला दिराच्या मागं लागला होता, पण त्यानं दाद दिली नाही. त्या माणसाबद्दल मी जे काय बोललोय ते मागं घेणार नाही. बेल-भंडारा त्यानं पाळला, एवढं खरं.

पावसाळा सरून दिवाळी झाल्यावर चिंच पाडली. मी गेलो तेव्हा बांध उघडा पडला होता आणि ओळखीची वाट मला नवखी वाटली. आक्काच्या अंगणात ढोलीचा ओंडका होता. दिरानं गड्याकरवी पाठवला होता, स्वतः आला नव्हता. ती त्याच्याशेजारी बसली होती, बाजारला जायच्या दिवशी, लुगडं बदलून, विकायला न्यायला काही नसताना. तिनं ढोलीत हात घातला, कोपरापर्यंत गेला. आतली बाजू चाचपत ती म्हणाली, "लई गुळगुळीत केलंय रं आतनं." आणि रडायला लागली. मेव्हणे गेले तेव्हा ती अशी रडली नव्हती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या तोंडात येत होतं, पाखरं तरी वाचली आक्का, पुण्य लागलं तुला. ते मी गिळलं.

"चिंच माझी हुती रं," ती म्हणाली.

"व्हय आक्का," मी म्हणालो. "तुझीच हुती."