मी इसब पाहिलं होतं

परभणीच्या मोठ्या दवाखान्यात एका डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं होतं, "देवीची लस टोचताना या मुलीच्या अंगावरचं इसब तुम्हाला दिसलं नाही?" मी म्हणालो, "नाही दिसलं." ते खोटं होतं. माझी थोरली बहीण, अक्का, मुलीला मांडीवर घेऊन शेजारीच बसली होती. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पोरीवर पदर घातला.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. मॅट्रिक होऊन मी नुकताच लस टोचण्याच्या कामावर लागलो होतो. गावोगावचे लोक आम्हाला 'देवी डाक्टर' म्हणत. डॉक्टर कसले, खांद्याला एक पिशवी, तिच्यात लशीच्या कुप्या, टोकाशी दुभंगलेल्या सुया, त्या उकळायचं भांडं आणि रजिस्टर. पालमपर्यंत एसटी, पुढे पायी. आमचं घर छप्पन्न साली बौद्ध झालेलं. घरातले देवांचे टाक वडिलांनी स्वतःच्या हातानं नदीत सोडले होते. देवी हा रोग आहे, कुणाचा कोप नाही, हे ऐकतच आम्ही मोठे झालो. त्यामुळे हातात सुई आली तेव्हा मला नोकरी मिळाल्यापेक्षा मान मिळाल्यासारखं वाटलं.

आमच्या कामाची एक रीत होती. नव्या गावात गेलं की आधी आपलं माणूस टोचायचं, चारचौघांत. नातेवाईक असेल तर उत्तमच. आपल्या माणसाला डाक्टर सुई लावतो म्हटल्यावर लोकांची भीती मोडायची. अक्काच्या सासरचं गाव माझ्याकडे आलं, तेव्हा पहिला दंड कुणाचा हे मी एसटीतच ठरवून टाकलं. तिची धाकटी, वर्षाची असेल नसेल.

शाळेसमोर माणसं जमली. बौद्ध वाड्यातली होती, मेंढरं राखणारी घरं होती, चार शेतकरी होते. बहिणीचा भाऊ म्हणजे सगळ्या गावाचा पाहुणा, आणि पाहुण्याची थट्टा करायचा हक्क सगळ्यांना.

"पाव्हणं, भाचीला कडं-तोडं आणायचं सोडून सुई आणली व्हय?"

"सुई धरायला तरी येती का डाक्टरला!"

अक्कानं पोरीचं झबलं काढलं. काढता काढता हळूच म्हणाली, "भाऊ, हिच्या कोपरात अन् गुडघ्यामागं जरा खाज सुटलीया. पानी बी गळतंय. चालंल का?"

मी पाहिलं. लालसर, ओलं, खाजवून सोललेलं. ते इसब होतं. आमच्या शिकवणीत हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं: अंगावर इसब असेल तर देवीची लस टोचायची नाही. लशीतली गोदेवी, खऱ्या देवीची सौम्य बहीण, निरोगी कातड्यावर टोचल्या जागी राहते. सोललेल्या कातड्यावर ती पसरू शकते. क्वचित होतं, पण होतं. मला ते पाठ होतं. पण समोर गाव उभं होतं. आपल्या भाचीला सोडून लोकांची पोरं टोचली तर काय म्हणतील? त्याहून आत एक गोष्ट होती, ती आज कबूल करतो. देव सोडलेल्या घरातला पोरगा लशीसमोर कचरला, असं कुणी म्हणू नये, एवढीच मला काळजी होती. मी स्वच्छ दिसणारा दंड निवडला आणि म्हणालो, "काही होत नाही, अक्का."

त्या दिवशी निम्म्याहून जास्त गाव टोचून झालं. मी खुशीत परतलो.

आठ-दहा दिवसांनी निरोप आला. पोरीच्या कोपरांत, गुडघ्यांमागे, मानेवर फोड उठले होते आणि ताप उतरत नव्हता. दाजी तिला घेऊन परभणीला गेले, मी तिथे पोचलो, आणि डॉक्टरीणबाईंनी तो प्रश्न विचारला. पोर जगली. तीन आठवडे दवाखान्यात होती. कातडीवर वण राहिले, मानेवरचे आजही दिसतात. त्या तीन आठवड्यांत अक्का माझ्याशी रोजचं बोलायची, डबा आणलास का, पाणी आण, एवढंच. खोट्याबद्दल एक शब्द नाही. ती मला सांभाळून घेत होती आणि मी घेऊ देत होतो.

गावानं मात्र आपला निकाल लावला. ज्या घरांत देवीला मानत त्यांच्याकडे म्हणाले, देवीला डिवचलं. बौद्ध वाड्यात म्हणाले, लसच खराब होती. कारणं दोन, निष्पत्ती एक: राहिलेल्या घरांची दारं बंद. मी दोनदा गेलो. एका म्हातारीनं ओट्यावरूनच सांगितलं, "बाबा, सख्ख्या भाचीचे हाल केलेस, आमची काय गत करशील? जा, च्या पी अन् जा."

तेवढ्यात सेलूहून खबर आली. तिथे कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला असलेल्या एका परमुलखातल्या मजुराला देवी आल्या होत्या. त्याच जिनिंगमध्ये या गावचे पाचसहा गडी होते आणि ते नुकतेच घरी आले होते. सुपरवायझरनी मला बोलावून घेतलं. "चार दिवसांत गाव पुरं करा. पोलीस पाहिजे तर मागवतो."

मी पोलीस नको म्हणालो. पोलीस दंड धरतील, पण पुढच्या लशीला तेच दंड लपतील. आणि गावाची समजूत चुकीची आहे, हे अक्काखेरीज एकट्या मलाच ठाऊक होतं. मी गप्प राहिलो तर दोष लशीवर जाणार, दारं बंद राहणार, आणि त्या दारांआडची लेकरं देवीच्या तावडीत सापडणार. बोललो तर नोकरी जाईल, बहिणीच्या सासरचं दार कायमचं बंद होईल. अक्काच्या घरी न थांबता मी सरळ शाळेसमोर गेलो आणि दाजींना म्हणालो, माणसं बोलवा.

माणसं आली, पण लांब उभी राहिली. अक्काही आली. मी तयार करून आणलेलं सगळं विसरलो.

"लस खराब नव्हती," मी म्हणालो. "म्या खराब काम केलं. पोरीला इसब होतं. अक्कानं दाखवलं होतं. असल्या लेकराला टोचू नये हे मला शिकवलं होतं, तरी टोचलं, तुमच्यासमोर मोठेपणा पाहिजे म्हणून. दवाखान्यात बाईंना सांगितलं, दिसलं नाही. ते खोटं होतं."

मग मागून एक म्हातारा पुढे आला. मेंढरं राखणारा, तोंडभर देवीचे वण, एक डोळा गेलेला.

"मंग आता टोचल्यावर कुणाला कायच व्हनार न्हाई, आसं सांगायलास का?"

"न्हाई, मामा. दंड सुजंल, ताप यील. इसब नसलेल्यालाबी क्वचित जास्त तरास व्हतो, ते मी खोडून काढत न्हाई. पर तसं झालं तर मला बोलवा, झाकून ठेवू नका. मी दवाखान्यात नेईन."

"अन् न टोचल्यावर?"

मी उत्तर देणार होतो. त्यानं हात वर करून मला थांबवलं आणि लोकांकडे तोंड केलं.

"आमी चौघं भावंडं व्हतो. मी राह्यलो, त्यो बी ह्यो आसा. ह्यो पोरगा आज पैल्यांदा खरं बोलायलाय. त्या दिशी त्यानं काय व्हत न्हाई म्हनलं तवाच मला शंका आली व्हती. सुईनं कायतरी व्हतंच की! पर देवीनं काय व्हतं ते मला इचारा."

गर्दीत चुळबुळ झाली. मी अक्काकडे पाहायचं टाळत होतो. तीच पुढे आली, पाच वर्षांच्या थोरल्याला दंडाला धरून. मागच्या वेळी तो आजोळी होता, म्हणून राहिला होता.

"दवाखान्यात तू बोललास ते ऐकलं म्या," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "तवापसनं वाट बघायलेय, तुज्या तोंडातनं खरं कवा निघतंय. लय उशीर केलास." आणि पोराचा सदरा वर करून त्याला माझ्यासमोर उभं केलं. "घे. आधी बघ. कोपर बघ, गुडघं बघ, कानामागं बघ. मंग टोच."

मी पाहिलं. दुसऱ्यांदाही पाहिलं. मग टोचलं.

दिवसभर ती माझ्याजवळून हलली नाही. आलेल्या प्रत्येक लेकराला उघडं करून ती उजेडाला धरायची, आयांना दरडावून विचारायची, "खाज हाय का? लपवू नगंस, माझी बघितलीस ना?" बाया तिला खरं सांगत होत्या. मला सांगितलं असतं का, शंका आहे. दोन लेकरांना इसब निघालं. त्यांना मी टोचलं नाही. एकाच्या घरातल्या बाकीच्यांना टोचायचं होतं, आणि त्यांच्या दंडावरच्या ओल्या फोडाचा स्पर्शही इसबाला धोक्याचा, तेव्हा त्याची आजी त्याला घेऊन पेडगावला माहेरी गेली, सगळ्यांच्या खपल्या पडेपर्यंत. दुसऱ्याच्या घरचे आधीच टोचून बरे झाले होते. आजूबाजूच्या सगळ्या दंडांवर लस असली म्हणजे या दोघांपर्यंत देवी पोचायला वाटच राहत नाही, हे मी समजावलं, आणि ते लोकांना चटकन पटलं. मेंढरं राखणाऱ्यांना तर फारच. अशक्त कोकरू कळपाच्या मधोमध घालतात ते.

त्या गावात देवी आली नाही. मी परभणीला जाऊन डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं. त्या खूप बोलल्या, योग्य तेच बोलल्या. वरून लेखी ताकीद आली. नोकरी राहिली. अक्का पुढे माझ्याशी हसून बोलायला लागली, पण पोरीच्या मानेवरून हात फिरवताना ती अजूनही माझ्याकडे पाहत नाही, आणि ते मला मान्य आहे.

पुढे त्रिगुणी लस आली, गोवराची आली, पोलिओची आली. मी सगळ्या दिल्या, माझ्या नातवंडांना सगळ्यांच्या आधी. लस देण्याबद्दल माझ्या मनात कधी शंका आली नाही. "काही होत नाही" हे वाक्य मात्र मी पुन्हा उच्चारलं नाही.

तेव्हा, मुदतीच्या चौथ्या दिवशी, सुपरवायझर रजिस्टर पाहायला आले होते. बोट फिरवत खाली आले आणि दोन नावांपाशी थांबले.

"ही दोन कशी राहिली?"

"राहिली नाहीत साहेब," मी म्हणालो, "मी ठेवली."