आप्पांचे अस्सल बोसमनी

सकाळी आप्पांच्या घरी गेलं की पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही. चहासुद्धा नंतर. ते चार फुटी टाकीचा दिवा लावणार, समोर स्टूल ओढणार आणि आपल्याला हातानेच ‘बसा’ म्हणणार. टाकीत रेनबो माशांच्या तीन जाती: पुढून निळा नि मागून नारिंगी तो बोसमनी, एक लालभडक आणि एक फिरोजी. दिवा लागला की नर पंख ताणून एकमेकांपुढे मिरवायला लागायचे. “पयली पाळी चालू झाली बघा,” आप्पा म्हणायचे. रांजणगावच्या कारखान्यात फिटर म्हणून जन्म गेला, तेव्हा निवृत्तीनंतर माशांनाही पाळ्या लागणारच.

मी त्यांची शिरूरमधली शेजारीण, शाळेत विज्ञान शिकवणारी. पहिल्याच भेटीत शहाणपणा पाजळला, “तीन जाती एकत्र? भांडत नाहीत?”

“कशापायी भांडत्याल? जागा हाय, खायाला हाय, परत्येकाची आठ-दहा भावंडं संगं हायती. एकटंदुकटं टाकलं तर बिचकतंय. पन बाई, ऱ्हायाला एकत्र, पिल्लं मातुर येगळी.”

कारण हे मासे दुसऱ्या जातीशीही जुगतात आणि मग पिल्लात ना धड हा रंग उतरतो, ना तो. म्हणून अंड्यांसाठी मागच्या पडवीत प्रत्येक जातीची वेगळी टाकी होती.

पिल्लं आप्पा फुकट द्यायचे, पण आधी घर बघून. “लेक द्यायची तर घर बघाया नगं?” केंदूरला एका घरी दोन बशा पोहे खाल्ले, पाणी तपासलं आणि टाकी उन्हात ठेवली म्हणून सरळ नकार देऊन आले. मी म्हटलं, “अहो, पोहे तरी खायचे नाहीत!” तर म्हणाले, “पोह्यांचा काय गुन्हा?”

आता माझा पराक्रम. आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी पंधरा दिवस पाण्यात हात घालायला मनाई केली. घराची किल्ली माझ्याकडे आली. बोसमनीच्या पिल्लांची टाकी मला उघडीबोडकी वाटली. बिचाऱ्यांना लपायला काही नाही, म्हणून मी मोठ्या टाकीतल्या शेवाळाचा एक झुबका काढून त्यांच्यात सोडला. काय ती अक्कल! त्या शेवाळाला तिन्ही जातींची सरमिसळ अंडी चिकटलेली होती. वर विज्ञानाची बाई!

रेनबोला पुरता रंग चढायला वर्षभर लागतं. तोवर आप्पांनी ती पिल्लं ‘अस्सल बोसमनी’ असा शब्द देऊन चार घरी दिली होती. मग एका सकाळी ते पडवीतल्या टाकीपुढे बसून राहिले. आत चार-पाच मासे निळे नव्हते, नारिंगी नव्हते, नुसते मातकट होते. “ह्यात भेसळ कशी आली?” मला क्षणात कळलं आणि शाळेचं निमित्त काढून मी पळाले. संध्याकाळी जाऊन रडत सगळं सांगितलं. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “उद्या रविवार हाय न्हवं? तुमची गाडी काढा.”

मी स्कूटी चालवत होते, मागे आप्पा. पाबळला दोन घरं, मग शिरूरच्या वेशीवरचं एक. प्रत्येक दारात तेच वाक्य, “माझ्या हातनं चूक झाली. मासं सांभाळा, पर ह्यांची अंडी फुडं कुनाला देऊ नगा.” एकजण हसून म्हणाला, “जाऊ द्या हो आप्पा, मासा तो मासा.” आप्पा हसले नाहीत. “तुमाला मी सबूद दिला व्हता,” म्हणाले. मी मागे मान खाली घालून उभी. भित्री कुठली!

शेवटचं घर राहूला, एका तरुण बागायतदाराचं. त्याने त्या माशांची पिल्लं काढून मित्रांना द्यायला डबे भरून ठेवलेले. तो भडकलाच. “तुमच्या नावावर मी लोकांना सांगून बसलोय, आप्पा. डोळ्यांनी दिसत नव्हतं, तर द्यायचे कशाला?”

आप्पांनी मान खाली घातली. ते मात्र मला सोसवलं नाही. “त्यांचं काही चुकलेलं नाही. शेवाळ मी टाकलं,” मी ओरडलेच. तो ओशाळला, डबे त्याने आत नेऊन ठेवले, पुढे कुणाला दिले नाहीत.

परतताना मात्र आप्पा माझ्यावर पहिल्यांदा चिडले. “मधी बोलायची काय गरज व्हती?”

“खरं तेच बोलले.”

“किल्ली कुनी दिली व्हती तुमाला? म्या. मंग जबाबदारी कुनाची?” चौफुल्याला थांबून त्यांनी चहा पाजला, तेव्हा कुठे माझा हुंदका थांबला.

गेल्या वर्षी आप्पा गेले. शेवटी अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांच्या मुलाने विचारलं की पडवीतल्या टाक्यांचं काय करायचं. मी तिथेच होते.

“बोसमनीची टाकी बाईंकडं न्या.”

मुलगा चपापला. “आप्पा, अहो, त्यांनीच तर...”

“म्हनून तर. दुसरं कुनी न्हेलं तर चुकायचं अजून ऱ्हायलंय त्याचं. ह्यांचं चुकून झालंय.”

आता ती टाकी माझ्या पडवीत आहे. तिच्यात मातकट पिल्लू एकही निघालेलं नाही, आणि मी आहे तोवर निघणारही नाही.