गेलेल्या माणसाचा रिफंड

किस्से गोळा करायला कोणी टॅक्सच्या धंद्यात येत नाही. मी तर नाहीच. विरार पश्चिमेला एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर आमचं ऑफिस आहे. एका बाजूला झेरॉक्सवाला, दुसऱ्या बाजूला दातांचा दवाखाना. ऑफिसात माणसं दोनच, मी आणि माझा पार्टनर विल्सन. लोकांची इन्कम टॅक्स रिटर्न भरायची, एवढंच काम.

पण गेल्या काही वर्षांत आमच्याकडे एक वेगळं गिऱ्हाईक वाढलंय. ज्यांचा नवरा किंवा बायको गेली, अशी माणसं. गेलेल्याच्या नावावर जास्तीचा टॅक्स कापला गेला असेल तर तो परत मिळतो. त्यासाठी वारसाने आधी आपली नोंद करायची आणि मग गेलेल्याच्या वतीने रिटर्न भरायचं. चार कागद आणि दोन सह्या! कामाला तासभर पुरतो. माणसं मात्र कागद पुढे करतात आणि बोलायला लागतात. मध्येच थांबवायचं कसं? थांबवलं नाही, म्हणून हे एवढे किस्से साठले.

*

पहिले आठवतात ते बस्त्याव काका. नंदाखालचे, विल्सनच्याच गावचे. केळीची आणि नारळाची वाडी. बायको हॉस्पिटलात नर्स होती, पेन्शन घ्यायची. तिच्या पेन्शनमधून टॅक्स कापलेला.

घोळ झाला नावाचा. चर्चच्या वहीत ती रोझलिन, पॅन कार्डावर रोझी आणि मृत्यूच्या दाखल्यावर रोजा! विल्सनने समजावलं, "काका, प्रतिज्ञापत्र करावं लागेल. रोझलिन, रोझी आणि रोजा ही एकच व्यक्ती होती, असं."

काकांनी चष्मा पुसला. मजकूर दोनदा वाचला.

"म्हणजे माझी बायको एकच होती, हे मी नोटरीला लिहून द्यायचं?"

"हो."

काकांनी सही केली. पेनाला टोपण लावलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कागदावर राहू दे एकच. पण खरं सांगू, विल्सन? तिघी होत्या. ड्युटीवरून येणारी वेगळी, वाडीत माझ्याबरोबर पाणी सोडणारी वेगळी, आणि रविवारी मिस्साला निघणारी तर फारच वेगळी!"

*

नीलिमाताईंना मी विचारलं, "तुमचा मोबाइल नंबर सांगा."

त्यांनी सांगितला. विल्सनने टाइप केला आणि थांबला. "हा तर तुमच्या मिस्टरांचा नंबर आहे. त्यांच्या पॅनलाही हाच आहे."

"माझ्या आधारला, पॅनला, गॅसला, सगळीकडे त्यांचाच नंबर आहे. मला कुठे फोन यायचे?"

"मग आता ओटीपी त्याच फोनवर जाणार. तो चालू आहे का?"

चालू होता. त्या दर महिन्याला रिचार्ज करत होत्या. पर्समधून त्यांनी रुमालात गुंडाळलेला फोन काढला आणि टेबलावर ठेवला. आम्ही तिघंही त्या फोनकडे बघत बसलो. आणि तो वाजला!

नीलिमाताई दचकल्याच. मग दोन्ही हातांनी उचलून त्यांनी सहा आकडे वाचून दाखवले.

"आठ महिन्यांनी ह्यांच्या फोनवर कोणाचं तरी काम निघालं हो," त्या म्हणाल्या.

नंबर बदलून घ्यायचा सल्ला मी दिला. कायद्याने तोच बरोबर आहे. त्यांनी मान हलवली आणि नंतर खरंच बदलूनही घेतला. पण कागदांची यादी, पावती, काम कुठवर आलं त्याचे मेसेज, हे सगळं विल्सन शेवटपर्यंत जुन्याच नंबरवर पाठवत राहिला. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "चुकून जातं, मॅडम."

विल्सनचं चुकून काही जात नाही.

*

फॉर्म भरताना नातं लिहावं लागतं. एका आजोबांना मी घाईत विचारलं, "मयताशी संबंध?"

"चांगले होते," आजोबा म्हणाले. जरा विचार करून पुढे म्हणाले, "मधली दहा-बारा वर्षं सोडली तर."

*

कुलकर्णी सरांच्या पत्नी हेडमिस्ट्रेस होत्या. घरातले पैशाचे सगळे व्यवहार त्याच बघायच्या. सर स्वतःच सांगायचे, "मला फक्त सही कुठे करायची ते बोटाने दाखवायची."

सर आले तेच हताश होऊन. बाईंचा टॅक्सच्या साइटचा पासवर्ड त्यांना सापडत नव्हता. स्वतःचं नाव टाकून झालं होतं, मुलींची नावं, लग्नाची तारीख, शाळेचं नाव. शेवटी खातं लॉक झालं.

मी म्हटलं, "सर, त्याची गरजच नाही. तुमची वारस म्हणून नोंद करू. मग तुमच्या खात्यातून त्यांचं रिटर्न भरता येईल."

त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

"रिफंडसाठी लागत नसेल," ते म्हणाले. "मला हवाय."

मग मला कळलं. सदतीस वर्षं जिच्याबरोबर काढली, तिने पासवर्ड म्हणून कुठला शब्द निवडला असेल, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. आपलं नाव नाही, मुलींची नाही, मग कोणाचं? मला वाटतं, मनातल्या मनात त्यांना थोडी भीतीही वाटत होती.

रिटर्न गेलं. रिफंड आला. सर दर पंधरा दिवसांनी काहीतरी निमित्त काढून येत आणि जाताना सांगत, "अजून नाही सापडला."

एक दिवस आले ते हसतच. बाईंच्या लोणच्यांच्या वहीत, मागच्या पानावर लिहिलेला होता.

"काय होता, सर?" मी आणि विल्सन एकदमच विचारते झालो.

सर खुर्चीत नीट बसले. कितीतरी महिन्यांनी ते असे बसलेले मी पाहिले.

"पासवर्ड कोणाला सांगायचा नसतो," ते म्हणाले. "तिचा नियम होता!"

*

आता अर्चनाचा किस्सा. अर्चनाचा नवरा गेला तेव्हा त्याच्या वारसांमध्ये तीन नावं आली. बायको, मुलगी आणि आई. रिफंड अर्चनाच्या खात्यात यायचा तर सासूची संमती हवी. सासू त्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर, अर्चना तिसऱ्या मजल्यावर. आणि दोघींमध्ये अकरा वर्षं बोलणं नाही!

अर्चना म्हणाली, "तुम्हीच सही आणा. मी काही जायची नाही."

विल्सन गेला. आजींनी कागद त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतला आणि सांगितलं, "उद्या ये."

दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "माझं नाव शेवटी का? मी त्याला जन्म दिलाय."

आम्ही नवीन कागद केला. आजींचं नाव पहिलं टाकलं. तिसऱ्या दिवशी आजींनी तो हातातही घेतला नाही. "जिला हवाय तिने आणावा. तीन जिने उतरायला काय होतं?"

विल्सन वैतागून परत आला. "मॅडम, ही केस कोर्टातच जाणार!"

रिटर्न भरायची शेवटची तारीख जवळ येत होती. मी अर्चनाला फोन करून तसं सांगितलं. ती म्हणाली, "बघते."

दोन दिवसांनी ती सही केलेला कागद घेऊन आली. कागदाच्या कोपऱ्यावर तेलाचा पिवळा डाग पडला होता.

"त्यांनी केली सही?"

"केली."

"काही बोलल्या?"

अर्चनाने पदराने डाग पुसायचा प्रयत्न केला. तो आणखीच पसरला. "मी दारात उभी राहिले. कागद पुढे केला. त्या म्हणाल्या, ते राहू दे बाजूला, तू जेवलीस का आज?"

"मग?"

"वालाची उसळ होती," अर्चना म्हणाली. "त्याच्या आवडीची."

दुसरा कागद करू या का, असं विल्सनने विचारलं. मी नको म्हटलं. तसाच स्कॅन केला. सरकारकडे वालाची उसळही पोचली!

*

मिठागराकडच्या एका गावातून पार्वतीबाई आल्या. नवरा स्वतःचा टेम्पो चालवायचा. सातिवलीतल्या एका गोडाऊनचा माल पोचवायचा. गोडाऊनवाला दर बिलातून एक टक्का टॅक्स कापून भरायचा. त्याचा सगळा मिळून रिफंड होत होता तीन हजारांच्याही आत.

मी प्रामाणिकपणे सांगितलं, "बाई, वारसाच्या दाखल्याच्या खेपा, रिक्षाचं भाडं, नोटरी, यातच एवढे पैसे जातील. सोडून दिलंत तरी चालेल."

पार्वतीबाईंनी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला आणि टेबलावर एकेक ठेवत गेल्या. "ही गाडीच्या दंडाची पावती. हा हप्ता थकल्याचा कागद. हा लायटीचा. हा पानीपट्टीचा. त्याच्या नावाने घरात आले ते सगले घेनारे कागद. एक तरी देनारा येउ दे!"

मी फॉर्म काढला.

खेपा त्यांनी सहा मारल्या. तहसील ऑफिसातला बाबू त्यांना शेवटी नावाने ओळखायला लागला. रिफंडचा आदेश आला तेव्हा मी प्रिंट काढून दिली. वर नवऱ्याचं नाव, खाली रक्कम. त्यांनी नावावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हेच नाव ना त्याचं? नीट लिवलंय?"

"नीट लिहिलंय."

मग त्या शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे गेल्या आणि कागद लॅमिनेट करून घेतला. परत येऊन फी विचारली. विल्सन म्हणाला, "राहू दे, मावशी."

"राहू दे कशाला?" पार्वतीबाई चिडल्याच. "त्याने कोनाचं फुकट नेलं नाय, नि मी बी नेनार नाय!"

*

शेवटी सामंत काकूंचं सांगते. हे मी फार कोणाला सांगितलेलं नाही.

सामंत काका एका खाजगी कंपनीतून रिटायर झालेले. वसईत फ्लॅट, बँकेत ठेवी, मुलगा बाहेरगावी. काका गेल्यावर काकू एकट्याच सगळे कागद व्यवस्थित फायलीत लावून आल्या. ठेवींच्या व्याजावर टॅक्स कापला होता, तो परत मिळण्यासारखा होता. मी त्यांना बँकेतून व्याजाचा दाखला आणायला सांगितला.

दाखला त्यांनी आणला तो पाकिटातच. उघडला मी. चार ठेवी होत्या. तीन ठेवींवर काकांच्या नावापुढे काकूंचं नाव होतं. चौथीवर दुसऱ्याच बाईचं नाव होतं. आडनावही वेगळं. ठेव अकरा वर्षं जुनी, दर वेळी मुदत वाढवलेली.

मी कागद जरा माझ्याकडे ओढला. विल्सनने पाहिलं होतं. तो उगाच ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधायला लागला.

"दाखव इकडे," काकू म्हणाल्या.

दिला. त्यांनी वाचला. चष्मा काढला, पुन्हा लावला, पुन्हा वाचला. दातांच्या दवाखान्यातली मशीन तेवढी ऐकू येत होती.

"ह्या चौथीवरही टॅक्स कापलाय का?"

"हो, काकू."

"तोही परत मिळेल?"

"मिळेल. ती ठेव मात्र त्या बाईंना जाईल. नाव त्यांचं आहे. टॅक्सचा रिफंड तुमच्या खात्यात येईल."

"बरं," काकू म्हणाल्या. "मग चारही लाव. आणि चौथीचा रिफंड किती, ते वेगळं लिहून दे."

मी आकडा एका चिठ्ठीवर लिहून दिला. त्यांनी ती घडी करून पर्समध्ये ठेवली आणि गेल्या. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. मी दाखला मागितलाच नसता तर, असं सारखं वाटत राहिलं.

चार महिन्यांनी रिफंड आला. मी फोन केला. काकू नुसतं "मिळाला" म्हणाल्या.

त्यानंतरच्या जून महिन्यात एका सकाळी काकू ऑफिसात आल्या. बरोबर एक बाई. काकूंच्याच वयाच्या, बारीक, सुती साडी. त्या दारातच घुटमळल्या. काकूंनी खुर्ची ओढली आणि त्यांना आधी बसवलं.

"ही सुमन," काकू मला म्हणाल्या. "ठेव आता तिच्या एकटीच्या नावावर झाली. व्याजावर टॅक्स कापायला लागलेत. तिचं रिटर्न भरायचंय. हिला यातलं काही कळत नाही."

सुमनबाईंनी पिशवीतून, मी आकडा लिहून दिलेल्या त्या चिठ्ठीत गुंडाळलेलं पॅन कार्ड काढून काकूंच्या हातात दिलं. काकूंनी ते माझ्यापुढे ठेवलं.

मी कॉम्प्युटरकडे बघत बसले. विल्सन एरवी अशा वेळी काहीतरी बोलून मोकळा होतो. तो उठला आणि म्हणाला, "मी चहा सांगतो."

काकूंनी मान वर केली.

"एक बिनसाखरेचा सांग," त्या म्हणाल्या. "सुमनला चालत नाही."