चोवीस कळ्यांचा शालू

माणसे जुने ते सोने म्हणतात, आणि मग ते सोने वितळवायला आणून देतात. बडोद्यात ही लाट केबलच्या तारांबरोबर घरोघरी शिरली. आजीचे लुगडे नुसते पाहूनही ज्या मुली नाके मुरडत, त्याच मुली सत्त्याण्णव सालापर्यंत ट्रंका उपसू लागल्या. चंदेरीची कुर्ती, इरकलीचे जाकीट, पैठणीच्या पदराची पिशवी. हे सारे ज्या हातांनी घडायचे, त्यांतले दोन हात घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीतल्या कौमुदी दिघे यांचे होते.

कौमुदीताई तेव्हा सत्तेचाळिशीच्या होत्या. विशीत शिवणाच्या परीक्षेत त्या पहिल्या आल्या होत्या. त्या प्रमाणपत्राचा आयुष्यभरात एवढाच उपयोग झाला की, ते फ्रेम करून भिंतीवरची ओल झाकता आली. यजमान बाळकृष्ण रेल्वेच्या वर्कशॉपात होते. ते अकाली गेले आणि मशीन पोटासाठी चालू लागले. पंचवीस वर्षे पोळीतल्या बायकांनी पोलकी, परकर आणि फॉल-पिको यांपलीकडे त्यांच्याकडे काही आणले नाही. गवयाला दारवानाची नोकरी द्यावी आणि वर त्याचा आवाज चांगला आहे म्हणून कौतुक करावे, तशातला प्रकार.

म्हणून तोंडाने त्या या नव्या फॅशनला कितीही नावे ठेवोत, 'मढ्याच्या टाळूवरचं लोणी आहे हे' असे कितीही म्हणोत, जुने भारी वस्त्र टेबलावर पसरले की त्यांचा श्वास बदलत असे.

नवरात्राला तीन आठवडे होते तेव्हा कारेलीबागेतल्या फणसे यांची आकांक्षा स्कूटीवरून आली. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातली पोरगी. गरब्यासाठी तिला चणियाचोळी, म्हणजे घेरदार घागरा आणि चोळी, हवी होती.

"मावशी, बाजारात टांगलेली असते तशी नको. जुनी, पण नवी."

"जुनी पण नवी म्हणजे कशी ग? तुझ्या आईसारखी?"

"आईला सांगू का?" आकांक्षा हसली आणि तिने पिशवी उलटी केली.

तीतून दोन नऊवारी वस्त्रे निघाली. एक निळे महेश्वरी लुगडे आणि एक हिरवा बनारसी शालू. दोन्ही तिच्या आजीची, द्वारकाबाईंची. दोन्हींचे काठ उसवले होते; एक कापायचे होते आणि दुसरे रफू करून परत द्यायचे होते.

"कुठलं कापायचं ते आई आजीला विचारून फोन करेल," आकांक्षा म्हणाली. "मला तर हिरवंच पाहिजे."

कौमुदीताईंकडे फोन नव्हता. पोळीच्या तोंडाशी सुभाषभाईंचे वह्या-पेनांचे दुकान होते, तिथे सगळ्या पोळीचे निरोप येत. दुसऱ्या दिवशी दुपारी सुभाषभाईंनी खालून हाक दिली, "कौमुदीबेन, कारेलीबागथी फोन हतो. लीली कापवानी छे, बीजी रफू करीने पाछी."

लीली, म्हणजे हिरवी कापायची आणि दुसरी रफू करून परत. गुजरातीत लीली म्हणजे हिरवीच.

कौमुदीताईंनी शालू पसरला. एका टोकाला हळदीचा जुना डाग होता, आणि गाठ मारल्याच्या चुण्या इतक्या वर्षांनीही तिथून गेल्या नव्हत्या. हा लग्नातला शालू होता. आणि फोन करणारी आकांक्षाची आई निरुपमा होती. ती घरात मराठी बोलणारी आणि बाहेर मराठीतूनच गुजराती करणारी. निळ्याला गुजराती माणूस भूरी म्हणतो, पण निरुपमासारखी बाई 'नीली' म्हणून मोकळी होते, आणि तारेतल्या खरखरीत 'नीली'चे 'लीली' व्हायला कितीसा वेळ लागतो. हे सगळे कौमुदीताईंच्या मनात त्याच क्षणी येऊन गेले. एक जिना उतरायचा आणि फोन फिरवून विचारायचे, एवढेच काम होते.

त्या उतरल्या नाहीत. निरुपमा शाळेत शिकवत असे आणि शाळा सुटल्यावरही तिचे शिकवणे सुटत नसे. मागच्या महिन्यात गळ्याचे माप पुन्हा विचारले तेव्हा ती म्हणाली होती, "कौमुदीताई, एकदा सांगितलेलं तुम्हाला फळ्यावर लिहून द्यायचं का?" तो अपमान ताजा होता, हे खरे. पण ते निमित्त झाले. खरी गोष्ट अशी की, असे वस्त्र आयुष्यात पुन्हा त्यांच्या कात्रीखाली येणार नव्हते, आणि त्यांना ते कापायचे होते.

चोवीस कळ्यांचा घागरा त्यांनी बेतला. पदराची चोळी केली. पाठ उघडी, बाह्या पदरावरच्या कोयऱ्यांच्या. अकरा दिवस त्या दुसऱ्या कुठल्या कामाला शिवल्या नाहीत. घटस्थापनेच्या सकाळी आकांक्षा कपडे घेऊन गेली, तेव्हा आपल्या हातून प्रथमच काहीतरी झाले असे त्यांना वाटले, आणि ते खोटेही नव्हते.

दुसऱ्याच दिवशी निरुपमा सुभाषभाईंच्या दुकानात उभी राहिली आणि तिने कौमुदीताईंना खाली बोलावून घेतले.

"मी निळी सांगितली होती. नीली कापवानी, स्पष्ट सांगितलं होतं."

"बेन, मने तो लीली ज संभळायुं," सुभाषभाई म्हणाले. "नीली कोण बोले? अमे भूरी कहीए."

"माझा जन्म बडोद्याचा आहे. आता तुम्ही मला रंग शिकवा." मग ती कौमुदीताईंकडे वळली. "सासूबाईंनी तो शालू स्वतःसाठी ठेवला होता. सवाष्ण गेले तर हाच नेसवा, म्हणून बासष्ट वर्षं जपला. गणपतीपासून अंथरुणाला खिळल्यात, म्हणून तर तो रफू करून ठेवायला सांगितला. काल पोरगी तो घालून त्यांच्यासमोर गिरकी घेऊन आली. तुम्हाला काहीच वाटलं नाही कापताना?"

"निरोप तसा होता," कौमुदीताई म्हणाल्या.

संध्याकाळी त्या कारेलीबागेत गेल्या. द्वारकाबाई उशीला टेकून होत्या. पाय सुजून घागरीसारखे झाले होते, पण जीभ शाबूत होती.

"सुंदर केलंस ग," त्या म्हणाल्या. "इतकं सुंदर की मला रागावताही येईना. जोडता येईल का?"

"येईल, काकू."

"मग पोरीचे नऊ दिवस होऊ देत. तेवढी थांबते मी. आमची गाडी कधी वेळेवर सुटलीय?"

आकांक्षा नऊ दिवस नाचली. दसऱ्याला घागरा-चोळी परत आली, तेव्हा घेराला मैदानातली माती लागली होती. कौमुदीताईंनी कळ्या उसवल्या. उलटसुलट बेतलेल्या कळ्या पुन्हा उलटसुलट लावल्या की सरळ पट होतो, त्यामुळे अंग जमले. फक्त दर वीतभर अंतरावर एक तिरकी शिवण आली, जखमेवरच्या टाक्यांसारखी. पदर मात्र जमेना. बगला, गळा आणि उघडी पाठ यांचे तुकडे चिंध्यांबरोबर केव्हाच गेले होते. चोळी उसवून जे हाती आले, त्यात भोकेच जास्त होती. तीन दिवस त्या ते तुकडे मांडत आणि मोडत राहिल्या.

चौथ्या सकाळी सुभाषभाईंनी हाक न देता वर येऊन सांगितले, की द्वारकाबाई गेल्या.

कौमुदीताई बिनपदराचा शालू कापडात गुंडाळून रिक्षाने पोचल्या. बाहेरच्या खोलीत सवाष्ण बायका जमल्या होत्या, मळवट भरायचा होता. विधवेने पुढे व्हायचे नसते, म्हणून त्या दाराशी थांबल्या. मंगळबाजारातून तातडीने आणलेली हिरवी सिंथेटिक साडी प्लास्टिकच्या पिशवीत तयार होती. सहावारी. जन्मभर कासोटा घातलेल्या बाईसाठी.

द्वारकाबाईंचे यजमान श्रीपतराव खुर्चीत बसले होते. मोतीबिंदूने त्यांना धूसर दिसे.

"शालू आला का?" त्यांनी विचारले.

"अण्णा, नवी आणलीय," निरुपमा म्हणाली.

"नवी कशाला? तिचा शालू कुठंय?"

कौमुदीताई पुढे आल्या आणि त्यांनी शालू श्रीपतरावांच्या मांडीवर ठेवला. ते बोटांनी चाचपू लागले.

"हे तिरपं तिरपं काय लागतंय हाताला?"

"शिवणी आहेत, काका."

ते एक टोक धरून हातांनी पुढे सरकू लागले. कापड मांडीवरून जमिनीवर जमत गेले. दुसरे टोक हाती आल्यावर त्यांनी ते डोळ्यांशी नेले, मग पुन्हा पहिल्या टोकाकडे वळले. बायका पाहत होत्या आणि कोणी त्यांना थांबवत नव्हते.

"पदर कुठंय?"

"पदर नाही, काका. चोळीत गेला."

"कुणी सांगितलं कापायला?"

निरुपमाने कौमुदीताईंकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर त्या दिवसाचा फोन होता, तार होती, सुभाषभाई होते. म्हणायचे असते तर उत्तर सर्वांच्या सोयीचे होते.

"कुणी नाही," कौमुदीताई म्हणाल्या. "निरोप चुकीचा आहे हे मला ऐकतानाच कळलं होतं. विचारता आलं असतं. पण मला तो कापायचा होता."

श्रीपतरावांनी जमिनीवरचे कापड हळूहळू ओढून घेतले. त्यांना घडी घालता येत नव्हती. कौमुदीताईंनी हात पुढे केला तो त्यांनी बाजूला सारला. जमेल तसा गोळा करून त्यांनी शालू कौमुदीताईंच्या हाती परत दिला.

"पदराशिवाय ती कधी उंबऱ्याबाहेर पडली नाही," ते म्हणाले. "नवीच नेसवा."

बायकांनी पिशवी फोडली. कौमुदीताई पुन्हा दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना कोणी जा म्हटले नाही आणि थांबा म्हटले नाही. शववाहिनी सोसायटीच्या फाटकातून बाहेर वळली तेव्हा त्या शालू काखेत धरून चपला शोधत होत्या.